गाडीचा नंबर, आरसी, चेसिस नंबर ऑनलाइन टाकायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ऑनलाइन सेंटरवर विमा, नवीन प्लेट, चलान, ट्रॅक्टरचं अनुदान अशी कामं घेऊन लोक येतात आणि काम होता होता तेच प्रश्न विचारतात, की भाऊ आरसीचा फोटो ग्रुपवर टाकला तं चालते का, गाडी विकायला टाकली तं नंबर झाकायचा का, मेसेजात माझाच नंबर आहे म्हणजे चलान खरंच असंल ना. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या (एमएच २९) दारव्हा, आर्णी, दिग्रस या पट्ट्यातला माणूस डोळ्यापुढं ठेवून लिहिलं आहे, पण तुमची पासिंग एमएच २७ अमरावतीची असो, ३४ चंद्रपूरची असो की ३७ वाशीमची, गोष्ट सारखीच आहे.

गाडीचा नंबर तं रस्त्यावर सगळ्यायलेच दिसते, मंग ऑनलाइन टाकला तं काय बिघडते?

नुसत्या नंबरानं फार काही बिघडत नाही, हे आधीच सांगतो, कारण काही लोक उगाच एवढे घाबरतात की लग्नाच्या फोटोत मागं उभ्या असलेल्या गाडीची प्लेटही पुसायला लावतात. नंबर प्लेट लोकांना दिसावी म्हणूनच असते. सरकारच्या एमपरिवहन अॅपवर मोबाईल नंबरानं लॉगिन करून कोणीही कोणत्याही गाडीचा नंबर टाकला तं मॉडेल, रजिस्ट्रेशनची तारीख, आरटीओ, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत एवढं दिसतं. मालकाचं नाव मधे फुल्या मारून येतं. पत्ता आणि मोबाईल नंबर दिसत नाही.

खरी अडचण तो नंबर कशासोबत टाकला यात आहे. नवीन गाडी घेतली की शोरूमवाले हार घालतात, हातात पुठ्ठ्याची मोठी चावी देतात, फोटो काढतात, आणि तो फोटो अर्ध्या तासात स्टेटसवर, फेसबुकवर, गावच्या ग्रुपवर जातो. आता तर प्लेट लागूनच गाडी शोरूममधून निघते, त्यामुळं नंबरही फोटोत. खाली आपण लिहितो की आज आपल्या घरी नवीन पाहुणी आली, गावाचं नाव, वडिलांचं नाव, शोरूमचं नाव. झालं, एका पोस्टीत अनोळखी माणसाला नाव, चेहरा, गाव, गाडी, तारीख, दुकान सगळं मिळालं. चार दिवसांनी फोन येतो, "अमुक शोरूममधून बोलतो, तुमचं आरसीचं स्मार्ट कार्ड पोस्टात अडकलं, पत्ता कन्फर्म करायला लिंकवर १० रुपये भरा". सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर निघते म्हणून माणूस विश्वास ठेवतो. त्याला १० रुपये नको असतात, लिंकवर टाकलेला कार्डाचा नंबर आणि ओटीपी पाहिजे असतो.

गाडीचा नंबर, मॉडेल, विम्याची तारीख सांगता येणं म्हणजे समोरचा आरटीओचा, बँकेचा की शोरूमचा आहे याचा काहीच पुरावा नाही. ही माहिती कोणालाही मिळते. एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेतल्या पोट्ट्यांना समजावून सांगा.

चेसिस नंबर काय असते आणि तो एवढा जपायचा काऊन?

गाडीच्या सांगाड्यावर कंपनीनं ठोकलेला नंबर. कार आणि मोटरसायकलवर तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. पहिल्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते, एमबीएल असलं तं हिरो, एमडी२ असलं तं बजाज, एमए३ मारुती, एमएटी टाटा. ट्रॅक्टरवर, त्यातही जुन्यावर, याहून छोटे नंबरही दिसतात. मोटरसायकलवर हँडलच्या खाली गळ्यापाशी बघा, बहुतेक तिथंच सापडंल. नावावर करायच्या वेळी आरटीओचा एजंट चिंधीनं तिथलं ऑइल-माती पुसतो, बारीक कागद लावतो आणि वरून पेन्सिल आडवी घासतो, मग एकेक अक्षर पांढरं उमटत येतं. तो छाप फॉर्मवर चिकटवतात. एवढा खटाटोप करतात कारण प्लेट बदलता येते, गाडी दुसऱ्या राज्यात गेली तं नंबरही बदलतो, पण चेसिस नंबर गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

जपायचं कारण असं की परिवहनच्या सरकारी पोर्टलवर बरीच कामं गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे ५ आकडे टाकून सुरू होतात. त्यानंतर आरटीओत नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. म्हणजे प्लेट जगाला दिसते आणि कुलूप त्या पाच आकड्यांवर आहे, ते आपणच फोटोत वाटून टाकले तं मधे फक्त ओटीपी उरतो. महाराष्ट्राच्या ई-चलान साइटवरही गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे आकडे टाकले की गाडीवरची चलानं दिसतात, कुठं, कधी, फोटोसकट. तुमची गाडी कोणत्या दिवशी कोणत्या चौकात होती हे परक्यानं कशाला बघायचं?

पण ओटीपी तं आपल्याच मोबाईलवर येते ना, मंग भीती कायची?

आपल्याच मोबाईलवर येतो का ते आधी पाहा! आपल्याकडं हा मोठा घोळ आहे. जुन्या गाड्यांच्या नोंदीत मोबाईल नंबरच नसतो, नाहीतर गाडी घेताना ज्या एजंटनं, डीलरनं काम केलं त्याचा नंबर टाकलेला असतो, नाहीतर दहा वर्षांपूर्वीचं बंद पडलेलं सिम असतं जे आता कंपनीनं दुसऱ्याच माणसाला दिलं आहे. कास्तकाराला हे कळतं कधी, तं विम्याच्या नाहीतर कर्ज उतरवायच्या वेळी, ओटीपी कुठं गेला म्हणून शोधाशोध सुरू होते तेव्हा.

आणि नोंदीत मोबाईल नंबर टाकायच्या पानावर काय काय मागतात ते ऐका: गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, रजिस्ट्रेशनची तारीख, आरसी कधीपर्यंत चालते ती तारीख. हे सगळंच्या सगळं आरसीवर छापलेलं असतं. आधारच्या ओटीपीनं नंबर जोडायची सोय आता आली आहे ती चांगलीच आहे, पण आरसीचा फोटो जपायची गरज त्यानं संपत नाही. मी इथं लिहिलेल्यातलं एकच काम आज करणार असाल तं हे करा, घरातल्या प्रत्येक गाडीच्या, ट्रॅक्टरच्या नोंदीत स्वतःचा चालू मोबाईल नंबर टाकून घ्या. ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, तिचीही नोंद बघा.

आरसी बुकाचा फोटो गावच्या ग्रुपवर पाठवला तं काय होते?

आरसीवर मालकाचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, चेसिस, इंजिन, तारखा, आणि गाडीवर कर्ज असलं तं बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नावही असतं. ग्रुपमध्ये २५० लोक असतात, त्यातले निम्मे आपण ओळखत नाही, कोणी पुण्याला गेलेला, कोणी कोणाचा मेहुणा, आणि फोटो तिथून पुढं कुठं गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे तुमच्या आरसीवर दुसऱ्यालाच गाडी विकणं. चोरटा तुमच्या जाहिरातीतले फोटो आणि आरसी उचलतो आणि तीच गाडी अर्ध्या किमतीत दुसऱ्या जिल्ह्यात विकायला टाकतो. फौजी असल्याचं सांगणं हा त्यांचा ठरलेला डाव, म्हणजे समजा कामठीला पोस्टिंग आहे नाहीतर पुलगावच्या डेपोत आहे, आता बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात देतो, मिलिटरीच्या ट्रान्सपोर्टनं घरपोच येईल, गाडीभाड्याचे तेवढे ५ हजार आधी टाका. सोबत कोणाचं तरी ओळखपत्र, कोणाची तरी आरसी. समोरचा एमपरिवहनवर नंबर तपासतो तं गाडी खरी, आरसी खरी, आणि पैसे गेल्यावर त्याच्या हातात नाव उरतं ते तुमचं. मग तो तक्रारीत तुमचंच नाव देतो आणि पोलिसांचा फोन तुम्हाला येतो. चोरी न करता खुलासे देत बसायचं, अन् पेरणीच्या दिवसात तालुक्याला चकरा मारायच्या.

दुसरा प्रकार डुप्लिकेट प्लेटचा, तो खाली आहे.

मंग गाडी विकायची असली तं जाहिरातीत काय टाकायचं?

मॉडेल, कोणत्या सालची, किती किलोमीटर किंवा ट्रॅक्टर असला तं किती तास चालला, पासिंग कुठलं, तालुका, विमा कोणत्या महिन्यापर्यंत, कर्ज आहे की फिटलं, अपेक्षित किंमत. टायर, इंजिन, सीट, मीटर यांचे फोटो दाखवा, जितके जास्त तितके चांगले. प्लेटचे शेवटचे चार आकडे झाका, "एमएच २९" दिसू द्या, गिऱ्हाइकाला तेवढंच पाहिजे असतं. आरसी, विम्याची पॉलिसी, बँकेची एनओसी यांचे फोटो जाहिरातीत टाकू नका. घराचं दार, दुकानाची पाटी मागं येणार नाही असं बघा, गाडी वावरात नाहीतर मोकळ्या जागी उभी करून फोटो काढा.

कोणी म्हणंल की सगळं झाकलं तं घेणारा विश्वास कसा ठेवंल. बरोबर आहे, घेणाऱ्यालाही तपासायचा हक्क आहे. फोनवर बोलून माणूस खरा वाटला, कुठला आहे, कधी येतो ते सांगितलं, की त्याला पूर्ण गाडी नंबर द्या, तो एमपरिवहनवर बघून घेईल. चोरीची गाडी आहे का हे बघायला गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या एनसीआरबीची वाहन समन्वय नावाची सोय आहे, तिथंही तपासता येतं. चेसिस नंबर आणि आरसी मात्र समोरासमोर, गाडीजवळ उभं राहून. जो माणूस गाडी बघायच्या आधीच आरसीच्या दोन्ही बाजू, आधार आणि पॅन मागतो तो गिऱ्हाईक नाही, त्याचा नंबर ब्लॉक करा. पैसे "पाठवायला" क्यूआर कोड धाडून पिन टाकायला सांगतो तोही नाही, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

सौदा झाल्यावरचं लोक विसरतात म्हणून इथंच लिहितो. फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर करणं सोडू नका. मोटार वाहन कायद्याप्रमाणं राज्यातल्या राज्यात गाडी विकली तं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगून ठेवलं की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येते, गाडी मग चार हात फिरलेली का असेना. आपल्याकडं कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतात आणि वर आधारची झेरॉक्स, ते बंद करा. झेरॉक्सवर पेनानं आडवं लिहा, "फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या नावबदलासाठी", खाली तारीख.

चलानचा मेसेज आला, त्यात मायाच गाडीचा नंबर हाय. उघडू का?

मेसेजसोबत एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल, असली तं हात लावू नका. "आरटीओ चलान", "एमपरिवहन" अशा नावाची फाइल व्हॉट्सअॅपवर येते, वर सरकारी चिन्ह, खाली तुमच्या गाडीचा नंबर, दंड ५०० किंवा हजार, आणि मजकूर असा की पुरावा बघायला अॅप इन्स्टॉल करा. बऱ्याचदा ती पाठवणारा नंबर ओळखीच्याच माणसाचा असतो, कारण त्याचा फोन आधी फसलेला असतो आणि तिथून ती फाइल सगळ्यांना आपोआप जाते. इन्स्टॉल झालं की ते अॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण पटपट अलाऊ अलाऊ करतो, आणि तिथून पुढं बँकेचा प्रत्येक ओटीपी चोरट्याकडं जातो.

सरकारी खातं चलान कधीच एपीके फाइलनं पाठवत नाही. खरं आहे का बघायचं असलं तं मेसेजातल्या लिंकवर न जाता स्वतः साइट उघडा, केंद्राची परिवहनची आणि राज्याची महाट्रॅफिक ई-चलानची, दोन्हींच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असतं. शेवटी म्हणजे एकदम शेवटी, मधे कुठंतरी गव्ह लिहिलेलं चालत नाही. चलान असंल तं तिथं फोटोसकट दिसंल.

आन् फाइल उघडून बसलो असंन तं?

लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद. दुसऱ्याच्या मोबाईलवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, मग बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला लावा. पैसे गेले असले तं १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त, म्हणून भाऊ येऊ दे, मग बघू असं करू नका. त्यानंतर अॅप काढा आणि जमलं तं फोन पूर्ण रिसेट मारा, व्हॉट्सअॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये अनोळखी काही आहे का ते बघा, आणि आपल्या नंबरावरून गेलेली फाइल कोणी उघडू नका असं सगळ्यांना सांगा. लाज वाटून लोक हे शेवटचं करत नाहीत, आणि मग अख्खं गाव फसतं.

रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तं नुकसान ग्राहकावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असंल तं कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याचा तक्रार नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

गाडी घरी उभी आणि चलान नागपूरचं. असं कसं?

तुमचा नंबर दुसऱ्या गाडीवर लावून कोणीतरी फिरत असंल. चोरीच्या गाडीला त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या खऱ्या गाडीचा नंबर लावतात, म्हणजे अॅपवर तपासलं तरी जुळतं. असा नंबर शोधायला त्यांना विक्रीच्या जाहिराती फार कामाच्या, फोटोत मॉडेल, रंग, नंबर सगळं तयार मिळतं. आरसीचा फोटोही असला तं खोटी आरसी पण छापतात. अर्थात कधीकधी कॅमेऱ्यानं एखादा आकडा चुकीचा वाचलेला असतो, तेही होतं.

आधी चलानमधला फोटो मोठा करून बघा. आरसा, सीट कव्हर, मागचं स्टिकर, क्रॅश गार्ड, कुठं खरचटलं आहे, फरक सापडतोच. मग आपल्या गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, त्या दिवशी आपण इकडंच होतो याचा काही कागद असला तं घ्या, जसं बाजार समितीची पावती, पेट्रोल पंपाचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी. ई-चलानच्या साइटवर तक्रार नोंदवा आणि आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ती पोच सांभाळा, कारण ती दुसरी गाडी उद्या अपघातात नाहीतर चोरीत सापडली तं हाच कागद कामी येतो. चलान छोटं आहे म्हणून गुपचूप भरून टाकू नका, भरलं म्हणजे ती गाडी आपलीच होती असं मान्य केल्यासारखं होतं.

एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेटसाठी चेसिस नंबर टाकावाच लागते, मंग?

टाकावा लागतो, इलाज नाही, पण साइट खरी पाहिजे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ही प्लेट लावायची आहे आणि त्या गर्दीत खोट्या साइट निघाल्या, दिसायला अगदी तशाच. गूगलवर शोधून वरच्या पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका, महाराष्ट्र परिवहन विभागाच्या साइटवर जा आणि तिथूनच आपला आरटीओ निवडून पुढं जा. राज्यात ठरलेले दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५, वर जीएसटी. दुचाकीचे दीड हजार मागणारी साइट नाहीतर माणूस दिसला की तिथंच थांबा. खोट्या साइटवर पैसे जातात ते जातातच, पण गाडी नंबर, चेसिस, इंजिन, मोबाईल असं सगळं एकत्रही जातं, आणि तेच पुढं विकलं जातं.

विमा संपायच्या आधी बरोब्बर फोन येतात, त्यायले तारीख कशी मालूम?

तारीख तं नंबर टाकला की अॅपवर दिसते, ते वर सांगितलं. मोबाईल नंबर त्यांच्याकडं डीलर, जुना एजंट, विम्याच्या तुलना करणाऱ्या साइट, "फ्री चलान चेक" सारखी खाजगी अॅप, अशा जागांवरून जातो. आपणच तिथं गाडी नंबर आणि मोबाईल नंबर जोडीनं टाकलेला असतो.

यात सरकारचाही वाटा आहे आणि तो सांगितला पाहिजे. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं वाहन आणि सारथीचा, म्हणजे गाड्यांच्या आणि लायसनच्या सरकारी नोंदींचा, डेटा घाऊक विकायचं धोरण आणलं. आपल्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी तेव्हा त्या खात्याचे मंत्री, त्यांनीच जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितलं की ८७ खाजगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना हा डेटा दिला आणि त्यातून ६५ कोटी मिळाले. गाडी आपली, माहिती आपली, विचारलं कोणालाच नाही. खाजगीपणा जपला जात नाही म्हणून जून २०२० मध्ये ते धोरण मागं घेतलं, पण एकदा बाहेर गेलेला डेटा परत येत नसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं होतं, त्या खंडपीठात नागपूरचेच शरद बोबडे होते. त्या निकालाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हाची ही विक्री, आणि हे मला आजही पटत नाही. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ साली संसदेत झाला, त्यात आपली माहिती काढून टाका म्हणायचा हक्क लिहिला आहे.

फोनवर विमा काढू नका एवढं करा. कंपनीच्या साइटवरून नाहीतर ओळखीच्या एजंटाकडून काढा आणि काही दिवसांनी एमपरिवहनवर नवीन तारीख चढली का बघा. नाही चढली तं पॉलिसी नंबर घेऊन कंपनीला फोन लावा.

ट्रॅक्टरचं अनुदान मंजूर झालं, आरसी पाठवा म्हणून फोन आला

महाडीबीटी या अनुदानाच्या सरकारी पोर्टलवर तुम्ही स्वतः अर्ज केला असंल तं तिथंच लॉगिन करून बघा, कागद तिथंच अपलोड होतात, आणि शंका आली तं गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) विचारा. फाइल पुढं सरकवायला "प्रोसेसिंग फी" मागितली की फोन ठेवा. "प्रधानमंत्री किसान ट्रॅक्टर योजना" नावाची केंद्राची योजनाच नाही, असं सरकारची अधिकृत माहिती देणाऱ्या पीआयबीनं सांगून झालं आहे, तरी तिची लिंक दरवर्षी खरिपाच्या तोंडावर ग्रुपवर फिरते.

काचेवरचा फास्टॅग घड्याळानं स्कॅन करून पैसे चोरतात म्हणे?

नाही. तसं दाखवणारा २०२२ चा व्हिडिओ खोटा होता, फास्टॅगची व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयनं तेव्हाच खुलासा केला. फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणी झालेल्या टोल आणि पार्किंगवाल्यांकडंच जातात. समृद्धीवर जाताना बिनधास्त जा. टॅगच्या बारकोडचा जवळून काढलेला फोटो तेवढा टाकू नका, आणि केवायसी संपली म्हणून लिंक आली तं उघडू नका, फास्टॅगची अडचण असली तं महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनला विचारा.

झेरॉक्सच्या दुकानात, सेंटरवर कागद पाठवतो, तिथून जाऊ शकते का?

जाऊ शकतं, आणि हे मी सेंटर चालवतो म्हणूनच सांगतो. तुम्ही दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर आरसी पाठवता, दुकानदार कॉम्प्युटरवर डाउनलोड करून प्रिंट काढतो, तुम्ही ५ रुपये देऊन जाता. ती फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहते, तिच्या वर-खाली दुसऱ्याची आधार, तिसऱ्याचा सातबारा, चौथ्याचं पासबुक. त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोणीही बसतं. म्हणून काम झालं की समोर उभं राहून सांगा, भाऊ डाउनलोडमधली आन् चॅटमधली माझी फाइल डिलीट करा, रिसायकल बिन पण रिकामी करा. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, चांगला दुकानदार लगेच करंल. पेन ड्राइव्ह असला तं आणखी चांगलं. खराब निघालेली प्रिंट दुकानातल्या डब्यात टाकू नका, घरी आणा.

आणि रस्त्यात पोलिसांना दाखवायला फोटोची गरजच नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी कायद्यानं मूळ कागदासारखीच चालते, गॅलरीतला साधा फोटो चालत नाही.

हप्ता थकला, रस्त्यात पोट्टे गाडी अडवतात आन् नंबर त्यायच्या मोबाईलात असते

सीझिंगवाल्यांकडं, म्हणजे हप्ता थकलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्यांकडं, अशा गाड्यांच्या याद्या मोबाईलवर असतात, चौकात उभं राहून प्लेट बघत बसतात. त्यांच्यासारखंच नाटक करून खंडणी घेणारेही असतात. नंबर आणि फायनान्सचं नाव सांगितलं म्हणून चावी देऊ नका. बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागा, शाखेत फोन लावा, दमदाटी झाली तं ११२. रोख पैसे रस्त्यावर कोणाच्याच हातात देऊ नका. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. हप्ता थकला म्हणून माणसाचे हक्क संपत नाहीत.

फोटोत नंबर झाकायचा कसा?

भरीव रंगाचा चौकोन किंवा स्टिकर टाका आणि मग त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवा. हायलायटरसारख्या पातळ पेनानं एक रेघ मारली तं ब्राइटनेस वाढवून खालचे आकडे वाचता येतात. सगळ्यात सोपं, फोटो काढायच्या आधीच प्लेटवर दुपट्टा टाका. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तं जागेची माहिती निघून जाते, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तं फोटो कुठं काढला ते त्याच्यासोबत जाऊ शकतं.

आधीच टाकून बसलो, आता?

घाबरून जाऊ नका. व्हॉट्सअॅपवर दोन-अडीच दिवसांच्या आत "सगळ्यांसाठी डिलीट" करता येतं, त्यानंतर ग्रुप अॅडमिनला काढायला सांगा. फेसबुकवरची पोस्ट, गाडी विकल्यावर तशीच राहिलेली जुनी जाहिरात, दोन्ही काढा. आरटीओतला मोबाईल नंबर आपलाच आहे ना ते बघा आणि अधूनमधून आपल्याच गाडीची चलानं तपासत राहा. आपली आरसी वापरून कोणी फसवतोय असं कळलं तं सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. दुसऱ्याची ओळख वापरून फसवण्याला आयटी कायद्याच्या ६६ सी आणि ६६ डी कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

गाडीच चोरीले गेली तं नंबर टाकायचा का नाही?

टाका, बेलाशक टाका, तेव्हा जितक्या लोकांनी बघितला तितका चांगला. पण आधी पोलीस ठाणं, मग विमा कंपनी, मग ग्रुप. पोस्टीत गाडीचा नंबर, रंग, ओळखायची खूण, कुठून आणि कधी गेली एवढं लिहा, आणि फोन करायला पोलीस ठाण्याचा नंबर द्या, स्वतःचा द्यायचा असला तं एकच द्या. आरसी, चेसिस नंबर, एफआयआरचा फोटो टाकू नका, एफआयआरवर पत्ता, वय, मोबाईल सगळं असतं. अशी पोस्ट पडली की एखादा फोन येतोच, "तुमची गाडी आमच्या ताब्यात हाय, डिझेलपाण्याले दोन हजार टाका, आणून देतो". त्याला सांगा की गाडीचा आताचा व्हिडिओ पाठव, चेसिस नंबरचे शेवटचे आकडे दाखव. तुम्ही तो नंबर कुठंच टाकलेला नसला तं खोट्या माणसाला ते दाखवता येणार नाही, आणि दाखवलेच तं पैसे न टाकता तो फोन नंबर ठाण्यातल्या तपासी अंमलदाराला द्या. गाडी मिळाली की पोस्ट काढून टाका, जिथं जिथं फॉरवर्ड केली तिथंही.